डनलॉप : गाडीच्या नावामागचा पशुवैद्य

गळिताचा हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखरपट्ट्याचे रूप पालटते. राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, नेवासे या तालुक्यांतल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटेपासून उसाच्या गाड्यांची रीघ लागते. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि मालमोटारी वाढल्या असल्या, तरी बैलगाडी अजून हद्दपार झालेली नाही. मात्र ही गाडी आपल्या आजोबांच्या वेळची, लोखंडी धावेची आणि बाभळीच्या आऱ्यांची राहिलेली नाही. तिला रबरी टायर असतात. ऊसतोड मजुरांच्या बोलीत तिचे नाव टायरगाडी. कित्येक गावांत मात्र तिला सरळ डनलॉप म्हणतात. हे नाव एका माणसाचे आहे, हे बैल हाकणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो माणूस पशुवैद्य होता आणि जनावरांची दुखणी बरी करण्यात त्याच्या आयुष्याची बरीचशी वर्षे गेली होती, हे कळले तर त्या गाडीवानाला कदाचित नवल वाटेल.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मुदतीपूर्वी जन्मलेले हे मूल नाजूक प्रकृतीचे होते आणि आपली तब्येत यथातथाच आहे, ही जाणीव त्यांनी जन्मभर बाळगली. अंगमेहनतीच्या शेतीपेक्षा अभ्यासाकडे त्यांचा ओढा अधिक होता. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे मायदेशी व्यवसाय केला आणि १८६७ मध्ये समुद्र ओलांडून ते आयर्लंडमध्ये डाउनपॅट्रिकला आले. तेथे १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांनी आपला दवाखाना बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर हलविला. १८८०च्या दशकाच्या मध्यावर हा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक गणला जाई.

त्या काळी शहरे घोड्यांवर चालत होती. मालाच्या गाड्या, टांगे, बग्ग्या, ट्राम या साऱ्यांना घोडे जुंपलेले असत. बेलफास्टच्या रस्त्यांवर दगडी फरसबंदी होती. लोखंडी धावेचे चाक त्या दगडांवरून गेले की प्रत्येक उंचवट्याचा धक्का गाडीला आणि गाडीतून घोड्याला बसे. लंगडणारे पाय, सुजलेले सांधे, झिजलेले खूर घेऊन येणारी जनावरे हा या पशुवैद्याचा रोजचा विषय होता. रस्ता, चाक आणि जनावर यांच्यातील झगडा त्यांच्याइतका जवळून पाहणारे फार थोडे असतील. शिवाय व्यवसायातील साधनांच्या निमित्ताने रबर कापणे, चिकटवणे, त्याला आकार देणे हे कामही त्यांच्या हातात बसलेले होते.

निमित्त मात्र घरातलेच घडले. डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या होत्या आणि फरसबंदीवर ती इतकी हादरे, की मुलगा हैराण होई. ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली, पातळ रबराची नळी करून ती तबकडीच्या कडेवर बसविली, वरून कापडाचे वेष्टन ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग घराच्या अंगणात त्यांनी परीक्षा घेतली. सायकलचे मूळचे चाक ढकलले. ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच आडवे पडले. हवेचे चाक ढकलले; ते अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलट उसळले. ढकलणारा हात एकच आणि जोरही तेवढाच. फरक होता तो चाक दगडावर आपटताना वाया जाणाऱ्या शक्तीचा.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. कठीण चाक खड्यावर आले, की संपूर्ण गाडी उचलली जाते आणि पुन्हा आपटते. पुढे जाण्याची ताकद वर-खाली होण्यात खर्च होते. हवेची उशी असलेले चाक खडा आपल्या पोटात सामावून घेते आणि गाडी जवळपास सरळ रेषेत जाते. म्हणजे हवेच्या टायरचा लाभ केवळ बसणाऱ्याच्या सुखाचा नव्हता. तो वेगाचाही होता आणि ओढणाऱ्याच्या श्रमांचाही होता. २८ फेब्रुवारी १८८८ रोजी जॉनीच्या सायकलला अशी दोन मागची चाके बसविण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते त्यांना मिळाले.

यापुढची परीक्षा अंगणात होणार नव्हती. ती शर्यतीच्या मैदानावर झाली. बेलफास्टमधील एडलिन कंपनीने हवेच्या टायरांच्या सायकली बांधायला घेतल्या. येथे एक अडचण उभी राहिली आणि ती पुढील शतकभर शर्यतीच्या प्रत्येक पथकाला भेडसावत राहिली आहे. नवा टायर जुन्या सायकलीत बसत नव्हता. तो जाड होता. पुढचा चिमटा आणि मागची चौकट त्याला अपुरी पडत होती. चाक बदलायचे तर सायकलच नव्याने आखावी लागणार, हे उघड झाले. टायर आणि वाहन या दोन वेगळ्या वस्तू नसून एकीचा विकास दुसरीवाचून होत नाही, हा धडा या पहिल्याच सायकलींनी दिला.

विल्यम ह्यूम हे बेलफास्ट क्रूझर्स या सायकलस्वारांच्या क्लबाचे कर्णधार होते. त्यांनी अशी एक सायकल विकत घेतली आणि १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत ते उतरले. त्यांच्या सायकलीचे फुगीर टायर पाहून प्रेक्षकांत हशा पिकला. शर्यती सुरू झाल्यावर तो हशा ओसरला. ह्यूम यांनी भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. काही आठवड्यांनी लिव्हरपूलच्या मैदानावरही एक वगळता साऱ्या शर्यती त्यांनी खिशात घातल्या. अधिक नावाजलेले स्वार भरीव रबराच्या चाकांवर मागे पडत होते. यश पायांचे की चाकांचे, हा वाद क्रीडारसिकांत तेव्हा सुरू झाला आणि मोटारशर्यतींच्या जगात तो आजही मिटलेला नाही.

बेलफास्टला हरलेल्या स्वारांत हार्वे द्यू क्रो यांचे पुत्र होते. द्यू क्रो हे डब्लिनचे कागदाचे व्यापारी आणि सायकलस्वारांच्या संघटनेतले वजनदार गृहस्थ. मुलांच्या पराभवावर खंत करीत बसण्यापेक्षा त्यांनी पराभवाचे कारण विकत घेण्याचे ठरविले. १८८९ मध्ये डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली आणि डनलॉप यांनी आपले पेटंट समभागांच्या मोबदल्यात तिच्या स्वाधीन केले. द्यू क्रो यांनी आपल्या मुलांसह आयरिश स्वारांचे पथक हवेच्या टायरांवर इंग्लंडच्या मैदानांत उतरविले. आपला माल शर्यतीत जिंकून दाखवायचा आणि मग बाजारात विकायचा, ही आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत या पथकाने फार लवकर गिरविली.

पण विजयाबरोबर त्रासही आला. पहिले टायर चाकाला सोल्युशनने पक्के चिकटवलेले असत. पंक्चर झाले की कापडी वेष्टन सोडवून, रबर सुटे करून, नळी दुरुस्त करून पुन्हा सारे चिकटवावे लागे. त्यात कित्येक तास जात आणि सोल्युशन वाळेपर्यंत वाट पाहावी लागे, ती वेगळीच. वेगवान चाक मिळाले होते. मात्र ते वाटेत कोठे दगा देईल, याची शाश्वती नव्हती. भरीव रबराचे चाक मंद असले तरी घरी पोहोचवीत असे. टिकाऊपणा घ्यावा की वेग, या पेचातून सुटका केली ती डनलॉप यांच्याव्यतिरिक्त इतरांनी. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेत तार घातलेला, चाकावरून काढता-घालता येणारा टायर शोधला. विल्यम बार्टलेट यांनी चाकाच्या वळवलेल्या कडेत अडकून बसणारा टायर काढला. वूड्स यांनी १८९१ च्या सुमारास साधा, सोपा व्हॉल्व्ह दिला. ज्यांनी लहानपणी सायकलच्या दुकानातून बोटभर व्हॉल्व्हट्यूब विकत आणून हवा धरत नसलेले चाक सावरले आहे, त्यांची या वूड्स साहेबांशी नकळत ओळख झालेली आहे.

याच सुमारास डनलॉप यांना जबर धक्का बसला. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात, तोच ते अवैध असल्याचे त्यांना कळविण्यात आले. हवेच्या टायरचे पेटंट त्रेचाळीस वर्षांपूर्वीच, १८४५ मध्ये घेतले गेले होते आणि ते घेणारे रॉबर्ट विल्यम थॉमसन हेही स्कॉटिशच होते. तेव्हा थॉमसन अवघ्या तेवीस वर्षांचे होते. त्यांनी हवेची चाके घोडागाडीला बसवून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये प्रयोगही करून दाखविला होता. परंतु तेव्हा रबर महाग होते, सायकलींचा जमाना यायचा होता आणि मोटार तर कोणाच्या कल्पनेतही नव्हती. चाक तयार होते, पण त्याची गरज असलेले वाहन जन्माला आले नव्हते. थॉमसन १८७३ मध्ये निवर्तले आणि त्यांचा शोध विस्मृतीत गेला. डनलॉप यांना त्याची वार्ताही नव्हती.

कंपनी तरली, कारण द्यू क्रो यांनी दूरदृष्टीने वेल्च आणि बार्टलेट यांचे हक्क विकत घेतले. ज्यांच्या नावाने माल खपत होता, त्यांच्या शोधाला कायद्याचे संरक्षण राहिले नाही. धंदा उभा राहिला तो दुसऱ्यांच्या सुधारणांवर. कारभार द्यू क्रो यांच्या हाती होता. डनलॉप सल्लागाराच्या आणि संचालकाच्या भूमिकेत काही काळ राहिले आणि १८९५ च्या सुमारास त्यांनी कंपनीतून अंग काढून घेतले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, टेरा हूली नावाच्या धाडसी भांडवलदाराने ही कंपनी तीस लाख पौंडांना घेतली आणि पन्नास लाख पौंडांच्या भांडवलाने पुन्हा बाजारात आणली. या उलाढालीत डनलॉप यांच्या वाट्याला काही आले नाही. एका वर्षाचा धीर त्यांना श्रीमंत करून गेला असता. त्यांचा स्वभाव मात्र तसल्या धिराचा नव्हता.

डनलॉप यांच्याबाबत अन्याय झाला, असे म्हणावे काय? थॉमसन यांच्या बाजूने पाहिले, तर पहिलेपणाचा मान त्यांचाच. वेल्च आणि बार्टलेट यांच्या बाजूने पाहिले, तर टायर व्यवहारात वापरण्याजोगा झाला तो त्यांच्यामुळे. द्यू क्रो यांच्यावाचून तो कारखान्यात आणि बाजारात पोहोचलाच नसता. ह्यूम जिंकले नसते, तर द्यू क्रो यांनी त्याकडे पाहिलेही नसते. तरीही या साखळीतला जो दुवा काढला असता सारेच थांबले असते, तो बेलफास्टच्या त्या अंगणातला होता. योग्य वेळी, योग्य वाहनासाठी, हातात साधने असलेल्या माणसाने ती गोष्ट करून पाहिली. शोधाच्या इतिहासात पहिल्याला मान मिळतो हे खरे. पण समाजाच्या उपयोगी पडतो तो बहुधा दुसरा किंवा तिसरा.

उत्तरायुष्यात डनलॉप डब्लिनमध्ये स्थायिक झाले. तेथील एका कापडाच्या पेढीच्या कारभारात त्यांनी लक्ष घातले. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचे चित्र झळके; परंतु त्यात त्यांना उंची टोपी घातलेल्या, हातात छडी मिरविणाऱ्या छानछोकी गृहस्थाच्या रूपात दाखविले जाई. साध्या राहणीच्या, दाढीधारी वृद्ध पशुवैद्याला आपले हे सोंग मुळीच रुचले नाही आणि त्याविरुद्ध त्यांनी कायद्याची वाटही धरली. आपल्याच नावावरचा हक्क आपल्याकडे उरलेला नाही, याची बोच त्यामागे असावी. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा त्यांनी लिहिलेला इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. उत्तर आयर्लंडमधील एका बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर पुढे त्यांची छबीही छापली गेली.

त्यांच्या हयातीतच टायर सायकलीवरून मोटारीवर गेला होता. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांची मोटार उतरविली. ती वाटेत पुन:पुन्हा पंक्चर झाली आणि ठरलेल्या वेळेत पोहोचू शकली नाही. भरीव रबराच्या चाकांवरची मोटार तेव्हा पुढे राहिली. तरीही काही वर्षांतच शर्यतीच्या साऱ्या मोटारी हवेच्या टायरांवर आल्या. डनलॉप हे नाव पुढे फॉर्म्युला वनच्या मैदानातही गाजले. १९६९ मध्ये जॅकी स्टुअर्ट यांनी जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा त्यांच्या मोटारीला डनलॉपचेच टायर होते. आजच्या शर्यतींत टायर सांभाळणे ही स्वतंत्र विद्या झाली आहे. मऊ रबर रस्ता घट्ट धरते पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते पण गती देत नाही. हवेचा दाब थोडा चुकला, रबर जास्त तापले की चालकाचे कौशल्य फुकट जाते. मोटार जितकी जोरकस, तितका टायरवर ताण अधिक. म्हणून मोटारीत केलेली प्रत्येक सुधारणा टायरला विचारूनच करावी लागते. संगणक आणि शेकडो तंत्रज्ञ दिमतीला असलेली पथकेही यात चुकतात. एडलिनच्या कारखान्यात सायकलीचा चिमटा रुंद करणाऱ्या कारागिरापुढचा प्रश्न याच जातीचा होता.

भारतात या कंपनीचा मोठा कारखाना १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे सुरू झाला. मोटारी आणि सायकलींबरोबरच जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठीही टायर आले. एकविसाव्या शतकात तो कारखाना बंद पडला; नाव मात्र आपल्याकडे गाडीला चिकटून राहिले. प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिले गाळप केले. त्यानंतर नगर जिल्ह्यात एकामागून एक कारखाने निघाले. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही, तर त्यातली साखर घटते. त्यामुळे वाहतूक हा या धंद्याचा कणा ठरला. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांत टायर सेंटर नावाचा प्रकारच रूढ झाला : गाडी कारखान्याची, बैल मजुराचे.

येथे डनलॉप यांच्या शोधाचा हिशेब त्यांच्याच मापाने मांडायला हवा. लोखंडी धावेच्या गाडीत साधारणत: टनाच्या आतबाहेर माल जाई आणि धाव रस्ताही उखडून टाकी. टायरगाडी तेवढ्याच बैलांकडून दीड-दोन टन किंवा त्याहूनही अधिक ओढवून घेते. चाक हलके झाले, त्याचा लाभ बैलाला मिळायला हवा होता. पण बचत झालेली शक्ती बहुतेक वेळा जास्त उसाच्या रूपाने गाडीवर चढली. मजुरी टनावर मिळते, अंगावर उचल घेतलेली असते, तेव्हा गाडीवानाला तरी दोष कसा द्यावा? शिवाय या गाडीचे चाक जितके सहज फिरते, तितकेच ते उतारावर सहज धावते. धड ब्रेक नसला, की मागचा सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. जू घासून मानेला पडलेल्या जखमा आणि गळिताच्या अखेरीस थकलेले बैल पाहिले, की बेलफास्टच्या दवाखान्यात लंगडत येणाऱ्या घोड्यांची आठवण व्हावी.

बैलगाडीला ब्रेक असावा, जू मानेला न काचणारे असावे, गाडी वजनाने हलकी असावी, हा आग्रह आपल्याकडेही धरला गेला. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न लावून धरला होता. परंतु गाडीच्या सुधारणेत कोणाला मोठा नफा दिसला नाही. टायरच्या मागे शर्यती होत्या, पैजा होत्या, जाहिराती होत्या. जुवाच्या मागे द्यू क्रो यांच्यासारखा कोणी उभा राहिला नाही.

याच जिल्ह्यात, नगर शहराजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. तिच्या चाचणी-मार्गांवर लष्करी आणि मुलकी वाहने खड्डे, चढ, चिखल यांतून पुन:पुन्हा चालवून पारखली जातात. रस्त्यावर येणाऱ्या वाहनाचा ब्रेक लागतो की नाही, हे तेथे मोजले जाते. त्या संस्थेपासून काही मैलांवरून उसाची टायरगाडी जाते. तिची अशी परीक्षा कोणी घेत नाही. तिच्या चाकाचा शोध एका पशुवैद्याने लावला होता. तिच्या भाराची मर्यादा ठरवताना आणि तिला ब्रेक बसवताना तरी आपण त्याच्या नजरेने जनावराकडे पाहावे, एवढीच त्याच्या नावाची बूज आपल्या हातात आहे.